खान्देशात घर, गोठा, बाग आणि दोन-चार एकर वावर घ्यायचंय? विकणारा दाखवतो त्याच्या उलट क्रमाने बघा

पुण्याला, नाशिकला नाहीतर सुरतला कामधंद्याला गेलेली आपली बरीच मंडळी आता म्हणतात की गावाकडे काहीतरी छोटंसं घेऊ, दोन-तीन एकर वावर, राहण्यासारखं घर, बाजूला गोठ्यात दोन म्हशी आणि मागच्या अंगाला वांगी-शेवग्याची परसबाग. जाहिराती बी तशाच राहतात, "घर, विहीर, गोठा, बागेसकट तीन एकर, रोड टच, तातडीने विकणे". मग रविवारी गाडी काढून बघायला जायचं, विकणारे आप्पा आधी घर दाखवतात, चहा होतो, मग गोठा, मग बाग, ऊन उतरलं की लांबूनच विहिरीकडे बोट करतात आणि सातबाऱ्याचं काय विचारलं तर "क्लिअर आहे ना भाऊ, घरचीच गोष्ट आहे". याच्या बरोब्बर उलटं करायचं. आधी कागद, मग पाणी, मग रस्ता आणि शेजारी, आणि घर सगळ्यात शेवटी. घर पाडून परत बांधता येतं. विहिरीला झराच नसेल तर तो विकत मिळत नाही, आणि बहिणीची सही राहिली असेल तर पुढची दहा वर्षं तारखेला जायचं काम होऊन बसतं.

काळीत घेताय की पांढरीत

आपल्याकडे असं घर दोन प्रकारचं राहतं. एक म्हणजे गावात पांढरीत (गावठाणात) घर, घराला लागून किंवा गावाच्या कडेला खळं (त्यातच ढोरं, चारा, अवजारं सगळं) आणि वावर काळीत, म्हणजे शिवारात, कुठेतरी लांब. दुसरं म्हणजे मळ्यातलं घर, सगळं एकाच गटात. बघायला दुसरं छान वाटतं पण कागद दोघांचे एकदम वेगळे.

पांढरीतल्या घराचा सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो, आणि ड्रोन मोजणी झालेली असेल तर प्रॉपर्टी कार्ड, स्वामित्व योजना २०२० मधे सुरू झाली त्यातून ही कार्डं बऱ्याच गावांत आली आहेत. नमुना ८ म्हणजे मुळात घरपट्टी कोणाकडून घ्यायची त्याची नोंद, ती बघून मालक तोच असं धरून चालू नका, जुनं खरेदीखत किंवा वाटणीपत्र मागा. खळं तर कितीतरी गावांत नुसतं वहिवाटीवर चालू राहतं, आजोबांपासून तिथे ढोरं बांधतात म्हणून आमचं, कागद शून्य, कधी कधी ती जागा गायरानातली निघते. खळ्याचा वेगळा कागद दाखवा म्हणायला लाजू नका.

मळ्यातलं घर असेल तर ते शेतजमिनीवरच आहे. ग्रामपंचायतीने घरपट्टी लावली म्हणजे जमीन एनए (बिनशेती) झाली असं होत नाही. राहण्यापुरतं शेतघर वेगळी गोष्ट, पण त्या घरावर होमलोन मिळेल या हिशोबाने बसला असाल तर आधीच बँकेत विचारा, एनए ऑर्डर नसेल तर बँका सहसा हात वर करतात.

तुम्हाला घेता येतं का?

शेतजमीन घ्यायला आपल्याकडे शेतकरी असावं लागतं, १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याचं कलम ६३. शेतकरी नसाल तर कलेक्टरची परवानगी लागते आणि ती सहजासहजी मिळत नाही. वडिलांच्या नावावर वावर आहे, तुमचं नाव नाही, तर आधी ते मिटवा, वडिलोपार्जित असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून नाव लावून घेता येतं, आणि मग तुमच्या स्वतःच्या नावाचा सातबारा नि ८अ (खातेउतारा) घेऊन जा. कोणी म्हणेल की "घ्या हो, दाखल्याचं बघून घेऊ", तर त्याच्याकडून घेऊच नका. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते आणि तेव्हा दलाल फोन उचलत नाही.

ज्यांच्या घरात कोणाच्याच नावावर शेती नाही त्यांनी पांढरीतलं घर आणि कागद असलेलं खळं घ्यावं, त्याला शेतकरी असण्याची अट नाही. मोठ्या खळ्यात दोन म्हशी, चारा आणि भाजीपाला आरामात होतो, आणि वावर पाहिजेच असेल तर कोणाचं तरी बटाईने करता येतं.

सातबारा वाचायला बसा, नुसता बघू नका

महाभूमीच्या साइटवर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात मिळतो. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा, स्वतः काढा, आणि त्यासोबत ८अ आणि जितके फेरफार नंबर सातबाऱ्यावर दिसतात तितके सगळे फेरफार काढा.

वरती भूधारणा पद्धती लिहिलेली असते, तिथे भोगवटादार वर्ग १ पाहिजे. वर्ग २ असेल तर ती जमीन कधीतरी सरकारने अटीवर दिलेली, परवानगीशिवाय विकली तर शर्तभंग होतो. "कु.का. कलम ४३ च्या बंधनास पात्र" असा शेरा दिसला तर ती कुळाची जमीन, तिच्या ३२म च्या सर्टिफिकेटला (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला) दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट भरून मोकळं करता येतं, २०१४ च्या दुरुस्तीने हे सोपं झालंय, पण ते विकणाऱ्याने त्याच्या पैशाने आणि आधी करायचं.

मग नावांची बाजू. तिथे एकच नाव आणि पुढे "ए.कु.मॅ." लिहिलेलं असेल तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्या कुटुंबाची, नाव फक्त कर्त्याचं, आणि तो एकटा सही करून देतो म्हणतोय. अशा वेळी वंशावळ लिहून घ्या, आजोबापासून खाली, मुली धरून. मुलींचं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "बहिणी काही म्हणत नाहीत, दरवर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साडीचोळी करतो ना". साडीचोळीने हक्क सुटत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे, आणि बाप त्या तारखेला हयात नव्हता तरी चालतं हे सुप्रीम कोर्टाने २०२० मधे विनीता शर्मा केसमधे स्पष्ट केलंय. त्यामुळे प्रत्येक बहिणीचं रजिस्टर हक्कसोड पाहिजे, नाहीतर ती स्वतः येऊन खरेदीखतावर सही करेल. बहीण गुजरातेत दिली आहे, येणं जमत नाही, ही अडचण त्यांची, तुमची नाही. कोणी अज्ञान असेल, म्हणजे नावापुढे अ.पा.क. दिसलं, तर त्या पोराचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागू शकते, तिथे वकिलाशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका.

उजवीकडे "इतर अधिकार". खरी गंमत तिथेच राहते. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, विहिरीत तिसरा हिस्सा, कोणाची तरी पाइपलाइन, "पुनर्वसनासाठी", "तुकडा", भूसंपादन. पीककर्जाचा बोजा तर जवळजवळ प्रत्येक सातबाऱ्यावर असतो, त्याला घाबरायचं कारण नाही, पण सोसायटीचा नील (बाकी नसल्याचा) दाखला आणि बोजा कमी केल्याचा फेरफार हातात आल्याशिवाय मोठी रक्कम सोडायची नाही. "पुनर्वसन" हा शेरा धरणाच्या लाभक्षेत्रात दिसतो, तो उठल्याशिवाय व्यवहार करू नका.

खालचा नमुना १२ लोक वाचतच नाहीत. मागच्या चार-पाच वर्षांची पीकपाहणी बघा. आप्पा म्हणतात विहीर बारमाही आहे, केळी लावतो, आणि पीकपाहणीत दरवर्षी कपाशी आणि उन्हाळ्यात पडीत? मग पाण्याचं उत्तर इथेच मिळालं. कोणी तिसराच माणूस कसतोय असं दिसलं तर त्याला जाऊन भेटा, बटाईदार असेल तर त्याचं लिहून घ्या.

क्षेत्राचा हिशोबही तिथल्या तिथे करा. ०.८१.०० म्हणजे ८१ आर, म्हणजे मोजून दोन एकर, एक एकर म्हणजे ४० गुंठे. यातून पोटखराबा (पिकाला न येणारी जागा) वजा जातो, नाल्याकाठच्या गटात तो चांगला दहा-पंधरा गुंठे राहतो आणि भाव मात्र पूर्ण क्षेत्राचा सांगतात. "घर आणि त्याच्याभोवतीचे पाच गुंठे फक्त देतो" असं कोणी म्हटलं तर तुकडेबंदीत अडकाल, २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याच्या खालचं शिवारातलं खरेदीखत होत नाही आणि नोटरी करून घेतलेल्या कागदाला काही अर्थ नाही.

सातपुड्याच्या नाहीतर साक्रीच्या बाजूला असाल तर हे वेगळं

नंदुरबार जिल्हा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरचा वरचा पट्टा, इथे जमिनीचे भाव ऐकून डोळे चमकतात. कारण बऱ्याचदा ती आदिवासी खातेदाराची असते. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे बिगर आदिवासीला ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, कलेक्टरला त्यासाठी आधी सरकारची मान्यता लागते, आणि नुसता भाडेपट्टा करायचा म्हटला तरी परवानगी. स्टॅम्पपेपरवर ९९ वर्षांसाठी लिहून देतो म्हणणारे भेटतात, तो कागद चुलीत घालण्याच्या लायकीचा. बळकावलेल्या जमिनी परत करायचा १९७४ चा कायदाच आहे आणि तो काही उगाच आलेला नाही, सावकारीत कितीतरी पावरा-भिल्ल कुटुंबांची वावरं गेली तेव्हा तो आला. वनहक्काचा पट्टा असेल तर तो वारसाला जातो पण विकता येतच नाही. तळोदा-शहाद्याकडे सरदार सरोवराच्या विस्थापितांना दिलेल्या जमिनी आहेत, त्यांचंही तसंच, लांब राहा.

पाणी, आणि ते मे महिन्यातच

ऑगस्टमधे वावर बघायला जाऊ नका. तेव्हा सगळ्या खान्देशातच हिरवं असतं. एप्रिल-मे मधे, भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा जा, सकाळी जा आणि दिवसभर थांबायच्या तयारीने जा.

आपल्याकडचं पाणी गावागावाला बदलतं. रावेर-यावलचा केळी पट्टा तापीच्या गाळाचा, जमीन सोन्यासारखी, पण उपसा इतका झालाय की हे दोन्ही तालुके भूजलाच्या हिशोबात अतिशोषित म्हणून धरलेले आहेत. तिथे ट्यूबवेल किती फूट आहे यापेक्षा मागच्या पाच वर्षांत मोटर किती वेळा खाली सोडली ते विचारा, मालकाला नाही, त्या गावात मोटर काढणारा जो कारागीर असेल त्याला. त्याला प्रत्येक ट्यूबवेलची कुंडली माहीत असते. "तापी मेगा रिचार्ज होणार आहे, भाव डबल होतील" हेही ऐकवतात. त्या भूजल भरायच्या योजनेचा महाराष्ट्र-मध्य प्रदेश करार मे २०२५ मधे झालाय हे खरं, पण करार झाला म्हणजे ट्यूबवेलला पाणी आलं असं नाही, आजच्या पाण्याचा आजचा भाव द्या.

धुळे-नंदुरबारकडे खडक. तिथे जमिनीत काळ्या दगडाच्या उभ्या डाइक गेलेल्या आहेत, भिंतीसारख्या, कुठे कुठे त्या मैलभर टेकडीसारख्या वर आलेल्या दिसतात. डाइकच्या एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि पन्नास पावलांवर दुसऱ्या बाजूची कोरडी असं तिथे होतं, त्यामुळे "शेजारच्याला बघा किती पाणी आहे" हे ऐकून काही ठरवायचं नाही.

विहीर तपासायची रीत सोपी आहे, वेळ लागतो एवढंच. सकाळी मोटर लावायच्या आधी दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंत सोडा, काठाशी दोरीला गाठ मारा. मग मोटर लावायला सांगा आणि बसा, तासा-तासाला नवीन गाठ. दोन तासात मोटर हवा ओढायला लागली तर कळलंच. चालली तर बंद केल्यावर परत मोजत बसा, चार तासांत किती फूट भरली. मोटर बंद असताना काठावरून वाकून ऐकलं तर झरा कुठल्या बाजूने पडतोय त्याचा आवाज येतो, आणि विहिरीच्या भिंतीवरच्या पांढऱ्या रेघा बघा, पाणी कधी कुठपर्यंत होतं ते त्या सांगतात. मालक म्हणाला की आज लाइट नाही, तर ज्या दिवशी असेल त्या दिवशी परत जा. पाण्याचं एक बाटलीभर सॅम्पल घेऊन लॅबला द्या, क्षार जास्त असतील तर लिंबू-केळी दोघांना त्रास आणि ठिबकच्या नळ्या चोक.

विहीर सामाईक असेल तर पाळी कशी आहे, कोणाचा दिवस कोणता, मोटर कोणाची, हे हिस्सेदारांसमोर बसून लिहून घ्या. कालव्याचं पाणी सांगत असतील, हतनूरचं असो की गिरणेच्या जामदा कालव्याचं, तर तुमचा गट कालव्याच्या सुरुवातीला आहे की शेपटाला ते बघा आणि पाटबंधारे खात्यात पाणीपट्टीच्या पावत्या कोणाच्या नावावर आहेत ते विचारा. गिरणा धरण काही दरवर्षी भरत नाही, न भरलेल्या वर्षी आवर्तनं कमी होतात आणि शेपटाकडच्या लोकांनी आधी बातमी वाचायची, मग पेरायचं. पांझरेकाठी साक्री-धुळ्याकडे अजून काही गावांत फड पद्धत चालते, बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, अख्ख्या फडात एकच पीक घ्यायचं ते सगळे मिळून ठरवतात आणि पाटकरी पाणी सोडतो. ही शेकडो वर्षांची पद्धत, विजेचं बिल नाही, मला स्वतःला असं वावर आवडेल, पण तिथे "मी माझ्या मनाने ड्रॅगनफ्रूट लावेन" चालत नाही हे घेण्याआधी समजून घ्या.

रस्ता, लाइट, शेजारी

"रोड टच" म्हणजे कुठल्या रोडला टच? सरकारी नकाशात दाखवलेला शिवरस्ता किंवा पाणंद असेल तर उत्तम, पण कितीतरी वेळा तो रस्ता म्हणजे शेजारच्या नानांच्या बांधावरून त्यांच्या मेहरबानीने चाललेली गाडीवाट असते. विकणारा त्यांच्या भावकीतला म्हणून वाट मिळते, तुम्ही परके, तुम्हाला नांगरून ठेवतील. वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, रस्ताच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून मागता येतो, पण निकाल लागेपर्यंत उसाचा असो की केळीचा, ट्रक आत जात नाही. गटाचा नकाशा काढा आणि पावसाळ्यात ती वाट कशी राहते ते गावात विचारा, काळ्या मातीत जुलैमधे बुलेट बी रुतते.

लाइटचं थोडक्यात. शेतीच्या फिडरवर घर असेल तर थ्री फेज दिवसातले काही तासच मिळते आणि फ्रिज-कूलर त्या भरवशावर चालत नाही, घराला वेगळं घरगुती मीटर आहे का ते बघा. पंपाचं कनेक्शन कोणाच्या नावावर, थकबाकी किती, हे महावितरणच्या बिलावरच कळतं. सौर पंप असेल तर तो योजनेतला आहे का आणि नाव बदलून मिळेल का ते विचारा. ठिबकवर अनुदान उचललेलं असेल तर त्याच क्षेत्रावर सात वर्षं परत मिळत नाही, म्हणून नळ्या जुन्या झाल्या असतील तर नवीनचा खर्च तुमच्या खिशातून.

मोजणी. मोजणी. मोजणी. भूमी अभिलेखकडे ई-मोजणीचा अर्ज, शेजाऱ्यांना नोटिसा, मोजणीच्या दिवशी सगळ्यांना हजर ठेवा आणि मग "क" प्रत घ्या. घर किंवा विहीर चार हात दुसऱ्याच्या गटात निघाली असं खूप होतं, कारण पूर्वी भावाभावात बोलून वाटणी झालेली, कोणी मोजलं नाही. मोजणीच्या निमित्ताने शेजारी भेटतात, त्यांना सरळ विचारा, आप्पा का विकताहेत? पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण, दवाखाना, ही कारणं खरी असतात. कोणीच काही बोललं नाही आणि एकमेकांकडे बघायला लागले तर तहसील आणि कोर्टात दावा चालू आहे का ते शोधा. हायवे, रेल्वेच्या भूसंपादनाचंही प्रांत ऑफिसला विचारून ठेवा, मनमाड-इंदूर मार्गाला २०२४ मधे मंजुरी मिळाल्यापासून धुळे-शिरपूरकडे कोणाचं वावर लाइनीत आहे यावरच सगळ्या गप्पा चालतात.

आता घर बघा

सगळं वरचं पास झालं तरच. काळ्या जमिनीवरचं घर असेल तर आधी खिडक्यांचे कोपरे बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. केसाएवढी असेल तर सोडून द्या, बोटाचं नख आत जात असेल तर ती दर वर्षी वाढणार. नुकताच एकाच भिंतीला रंग दिलेला दिसला तर त्या भिंतीवर टॉर्च आडवा धरून बघा, लांबीची रेघ लगेच दिसते.

जुनं धाब्याचं घर असेल तर माझं मत, ते पाडू नका. ४५ डिग्रीत पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली जे भाजून निघायला होतं ते मातीच्या जाड धाब्याखाली होत नाही. फक्त सागाचे खांब जमिनीशी जिथे टेकतात तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, आत गेला तर उधई (वाळवी), आणि कडीपाटावर काळे डाग असतील तर तिथून गळतंय. वर चढून पन्हाळी बघा.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम पाहिजे म्हणजे उन्हाळ्यात ऊन आत येत नाही. गाईला साडेतीन आणि म्हशीला चार चौरस मीटर छताखालची जागा धरतात, मोकळ्यात त्याच्या दुप्पट, म्हणजे "दहा ढोरांचा गोठा" खरंच दहाचा आहे का ते पावलांनी मोजा. मुताला नाली आहे का, शेणखड्डा विहिरीपासून लांब आहे का, चाऱ्याच्या गंजीवरून विजेची तार जाते का. जात असेल तर गंजी हलवा, उन्हाळ्यात आगी अशाच लागतात.

बागेचं बघताना झाडं कोणाची हे लिहून घ्या, सौदा झाल्यावर साग तोडून नेणारे महाभाग असतात. केळी उभी असेल तर ती मुख्य पीक आहे की पीलबाग (खोडव्याची), पानांवर व्हायरसचे पिवळे पट्टे आहेत का आणि पश्चिमेला वारारोधक काही लावलंय का ते बघा, मे-जूनच्या वावधनात (वादळात) एका दुपारी अख्खी बाग आडवी होते. परसबागेत आधी भरताची वांगी लावा, एवढा सल्ला फुकट. जळगावच्या भरीत वांग्याला उगाच २०१६ मधे जीआय मिळालेलं नाही.

सौदा

तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून, मग स्थानिक पेपरात जाहीर नोटीस, त्यावर हरकत आली नाही तर रजिस्टर साठेखत (विक्रीचा करार). विसार पावतीवर लाख-दोन लाख रोख देऊन मोकळं होऊ नका, जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेता-देता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. रेडी रेकनरचा भाव साइटवर ई-एएसआर मधे बघा, नोंदणी फी एक टक्का पण ३० हजाराच्या वर जात नाही, स्टॅम्प ड्युटी वेगळी. साठेखतात उभं पीक कोणाचं, मोटर-पाइप-ठिबक-कडबा कोणाचा, ढोरं सोबत आहेत का, ताबा कधी, हे एक एक लिहा. ताबा शक्यतो आखाजीला धरा, आपल्याकडे सालदाराचं (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं) वर्ष आखाजीपासून बसतं, मधेच घेतलं तर जुना सालदार कोणाच्या पगारावर यावरून वाद होतो, आणि चांगला सालदार सोबत मिळत असेल तर त्याला सोडू नका, त्या वावराचं त्याला तुमच्या सात पिढ्यांपेक्षा जास्त कळतं.

मळ्यातलं घर असेल तर खरेदीखतात नुसता गट नंबर टाकून भागत नाही, घर, गोठा, विहीर, झाडं, चतुःसीमा सगळं लिहा. पांढरीतलं घर आणि शिवारातलं वावर सोबत घेत असाल तर दोघांचं वर्णन वेगवेगळं.

खरेदीखतानंतर नोंद तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आपोआप जाते, १५ दिवसांची नोटीस निघते, मंडळ अधिकारी मंजूर करतात. "आपली चावडी" वर ती नोटीस स्वतः बघत राहा. शक्य असेल तर थोडी रक्कम फेरफार मंजूर होईपर्यंत मागे ठेवा आणि तसं साठेखतातच टाका, आधी न ठरवता नंतर अडवली तर भांडण. मग ग्रामपंचायतीला घर, महावितरणला मीटर आणि पंप, सोसायटीचं सभासदत्व, फार्मर आयडी, आणि पहिल्याच हंगामाची ई-पीक पाहणी स्वतःच्या मोबाइलवरून करा, दुसऱ्याच्या नावाने एक हंगाम बी जाऊ देऊ नका.

धाब्यावर माती टाकणं, पन्हाळी मोकळ्या करणं रोहिणी लागायच्या आत उरकून घ्या. आणि ढोरं घेणार असाल तर दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा फेब्रुवारी-मार्चमधे काढणीला भरून ठेवा, ताबा नंतर मिळणार असला तरी आप्पांच्याच खळ्यात ठेवायचं बोलून घ्या, जूनमधे तोच कडबा तुम्हाला दीडपट भावाने घ्यावा लागेल.